युरोपच्या रणभूमीवर आपल्या गावांची नावे

इतिहास वर्गात बसून शिकावा की जागेवर जाऊन, हा वाद रायगडाच्या बाबतीत कोणी घालीत नाही. शाळा ठाण्याची असो की डोंबिवलीची, मुलांना गाडीत घालतात, पाचाडला उतरवितात, पायऱ्या चढावयास लावतात. आणि वर पोहोचून वारा तोंडावर आला की पुस्तकातले दोन परिच्छेद आपोआप जिवंत होतात. वाद सुरू होतो तो युरोपचे नाव निघाल्यावर. तेथे जावयाचे तर पारपत्र हवे, व्हिसा हवा, बापाच्या कित्येक महिन्यांच्या बचतीला हात घालावयास हवा. मग साहजिकच प्रश्न येतो, की दुसऱ्याच्या घरी झालेल्या लढाईची जागा पाहावयास आपल्या पोरांनी एवढ्या लांब का जावे?

हा प्रश्न आम्ही हसण्यावारी नेत नाही. तो रास्त आहे. किंबहुना ज्या शिक्षकाला त्याचे उत्तर देता येत नाही त्याने अशी सहल काढूच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. मात्र त्या प्रश्नातले ‘दुसऱ्याच्या घरी’ हे दोन शब्द नीट तपासून पाहावेत, एवढेच आजच्या व्याख्यानाचे प्रयोजन.

प्रथम नेहमीच्या सहलीचा नकाशा पाहा. पॅरिस, तेथून नॉर्मंडीचा किनारा, पुढे ॲमस्टरडॅममध्ये ॲन फ्रँकचे घर, बर्लिन, आणि वेळ उरला तर पोलंडातील ऑशविट्झ. हा नकाशा वाईट नाही; पण तो इंग्रज आणि अमेरिकन मुलांसाठी आखलेला आहे. नॉर्मंडीच्या वाळूत उभ्या राहिलेल्या अमेरिकन मुलाला आपल्या आजोबांची गोष्ट आठवते. आपला मुलगा तेथे उभा राहतो, छायाचित्र काढतो आणि गाडीत जाऊन बसतो. दोष मुलाचा नव्हे. त्याला ज्या घरी नेले त्या घराशी त्याचे नाते काय, हे कोणी सांगितलेलेच नसते.

आता नाते कोठे आहे ते पाहू. १९१४ च्या सप्टेंबरात हिंदी फौजेची पहिली तुकडी फ्रान्सच्या मार्सेय बंदरावर उतरली. त्या महायुद्धात सुमारे १ लाख ३८ हजार हिंदी माणसे फ्रान्स आणि बेल्जममध्ये गेली. मार्च १९१५ मध्ये न्यव्ह-शापेल या खेड्यापाशी मोठी लढाई झाली, आणि १९२७ मध्ये तेथेच हिंदी सैनिकांचे स्मारक उभे राहिले. उंच स्तंभ, माथ्यावर कमळ, पायथ्याशी दोन वाघ, आणि भोवतीच्या भिंतीवर ज्यांची प्रेते हाती लागली नाहीत अशा ४,७०० हून अधिक सैनिकांची नावे. मराठा पलटणी मात्र त्या युद्धात मुख्यतः मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात होत्या. कूटच्या वेढ्यात त्यांनी सुमारे पाच महिने उपासमार सोसली. सातारा आणि रत्नागिरीकडील कित्येक गावांत देवळाजवळ किंवा चावडीपाशी जी संगमरवरी पाटी दिसते, ‘या गावातून इतके लोक महायुद्धास गेले, पैकी इतके कामास आले’ अशा अर्थाची, ती त्याच काळातली. साताऱ्याजवळच्या एकट्या अपशिंगे गावचे ४६ जण त्या युद्धात गेले. इराकात आज शाळेची सहल नेता येणार नाही, हे सांगावयास नको.

दुसऱ्या महायुद्धाचा मामला वेगळा आहे. त्यात मराठा पलटणी थेट युरोपात, इटलीत लढल्या. १९४३ ते १९४५ या काळात हिंदी फौजेच्या चौथ्या, आठव्या आणि दहाव्या अशा तीन डिव्हिजन इटलीत होत्या. ५,७०० हून अधिक हिंदी सैनिक तेथे पडले. त्या मोहिमेत एकंदर वीस व्हिक्टोरिया क्रॉस दिले गेले, पैकी सहा हिंदी फौजेतील सैनिकांना, आणि त्या सहांपैकी दोन मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या जवानांना. ही दोन नावे ठाणे-कल्याणच्या प्रत्येक मुलाला ठाऊक असावयास हवीत. पण वर्गात विचारून पाहा, हात वर होणार नाहीत.

पहिले नाव यशवंत घाडगे. गाव पळसगाव, तालुका माणगाव, तेव्हाचा कुलाबा आणि आजचा रायगड जिल्हा. गोव्याकडे जाणारी कोकण रेल्वे ठाण्याच्या मुलाला जे माणगाव दाखविते तेच हे. १० जुलै १९४४ रोजी, वरच्या टायबर नदीच्या खोऱ्यात, मोंतोने या गावाच्या परिसरात, तिसऱ्या बटालियनमधील नाईक घाडगे यांची तुकडी अगदी जवळून मशीनगनच्या माऱ्यात सापडली. घाडगे सोडून तुकडीतले सारे जण पडले, कोणी ठार, कोणी जखमी. घाडगे एकटेच तोफेवर धावून गेले. आधी हातबाँब टाकून मशीनगन आणि ती चालविणारा निकामी केला, मग आणखी एकाला गोळी घातली. गोळ्यांची नवी पेटी चढवावयास वेळ नव्हता. तेव्हा बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना दस्त्यानेच लोळविले. ठाणे हाती आले, आणि त्याच क्षणी दडून बसलेल्या शत्रूच्या गोळीने ते स्वतः पडले. वय बावीस. त्यांचा देह सापडला नाही; म्हणून त्यांचे नाव तेथून पुष्कळ दक्षिणेस, कासिनोच्या स्मारकावर कोरलेले आहे. माणगावात त्यांचा पुतळा आहे. आणि २०२३ च्या जुलैमध्ये मोंतोनेच्या लोकांनी आपल्या गावात त्यांच्या नावाचे एक स्मारक उभारले. ते सूर्यघटिकेच्या आकाराचे आहे, आणि आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो अशा अर्थाचे लॅटिन वचन त्याला दिले आहे. गावकऱ्यांना एकुणऐंशी वर्षांनी हे करावेसे वाटले, याचा आम्हांला अधिक विस्मय वाटतो तो अशासाठी, की ज्या घरांतून तो मुलगा गेला त्या घरांकडून तेथे अजून फारसे कोणी गेलेले नाही.

दुसरे नाव नामदेव जाधव. गाव निमज, तेव्हाचा अहमदनगर आणि आताचा अहिल्यानगर जिल्हा. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर पहिल्या बटालियनने हल्ला केला. नदीला दोन्ही बाजूंनी पुराचे उंच बांध, आणि पलीकडच्या बांधात जर्मनांच्या मशीनगन. जाधव हे कंपनी कमांडरचे निरोपे. पलीकडे पोहोचता पोहोचता त्यांच्या भोवतीचे बहुतेक सारे पडले. त्यांनी एका जखमी सोबत्याला पाठीवर घेऊन खोल पाण्यातून, बांधावरून आणि सुरुंग पेरलेल्या पट्ट्यातून मागे आणले. मग परत जाऊन दुसऱ्याला आणले. एवढ्याने माणसाचे कर्तव्य पुरे झाले असते. पण ते तिसऱ्यांदा गेले, एकट्याने तीन मशीनगनची ठाणी निकामी केली, आणि बांधाच्या माथ्यावर उभे राहून मराठ्यांची युद्धगर्जना देत मागच्या कंपन्यांना हात करून बोलाविले. ती गर्जना कोणाच्या नावाची, हे या सभागृहात सांगावयास नको. इटलीतल्या एका नदीच्या बांधावर छत्रपतींच्या नावाचा जयजयकार झाला, हा इतिहास आपल्या शाळांच्या पुस्तकांत असता तर मुलांनी तो एकदाच वाचून कायमचा पाठ केला असता. जाधव त्या दिवसातून वाचले आणि पुढे १९८४ पर्यंत जगले.

येथे श्रोत्यांपैकी कोणी उठून म्हणेल, आणि त्याने म्हणावेच, की हे सारे खरे, पण ते लढले कोणासाठी? साहेबाच्या राजासाठी. तेव्हा इकडे काय चालले होते?

इकडे काय चालले होते ते पाहावयास फार लांब जावे लागत नाही. कल्याणहून मुरबाडची एस.टी. घ्यावी आणि सिद्धगडाच्या पायथ्याशी उतरावे. माथेरानचे वकील भाई कोटवाल यांनी १९४२ च्या चळवळीत आझाद दस्ता उभारला आणि मुंबईच्या गिरण्यांना वीज नेणारे मनोरे पाडण्याचा सपाटा लावला. गिरण्या थांबल्या तर सरकारच्या युद्धाला खीळ बसेल, हा हिशेब. २ जानेवारी १९४३ रोजी पोलिसांनी सिद्धगडाच्या रानात दस्त्याला गाठले. कोटवाल आणि त्यांचे सोबती हिराजी पाटील तेथे गोळ्यांना बळी पडले. दरसाल २ जानेवारीला लोक तेथे जमतात.

हे दोन प्रसंग शेजारी ठेवून पाहा. सिद्धगडावर भाई कोटवाल पडल्याला जेमतेम दीड वर्ष झाले तोच मोंतोनेच्या टेकडीवर यशवंत घाडगे पडले. माथेरान आणि माणगाव यांत दिवसभराचाही प्रवास नाही. एकाने ज्या सरकारच्या युद्धाला खीळ घालण्यासाठी प्राण दिले, त्याच सरकारच्या गणवेशात दुसऱ्याने प्राण दिले. मुलांना यांपैकी एकच गोष्ट सांगणे सोपे आहे. शाळांतून कोटवालांची गोष्ट सांगतात, पलटणीच्या समारंभात घाडग्यांची सांगतात, आणि दोन्हीकडे टाळ्या पडतात. आमच्या मते इतिहासाचा खरा पाठ या दोन गोष्टी एकाच तासाला सांगण्यात आहे. त्यासाठी त्या काळच्या कोकणाची आणि देशाची स्थिती मुलांपुढे ठेवावी लागेल. जमीन हातभर, पाऊस बेभरवशाचा, आणि घरात महिन्याला येणारी मनीऑर्डर म्हणजे म्हातारीचे औषध व धाकट्याची फी. दुसऱ्या महायुद्धात हिंदी फौज सुमारे २५ लाखांवर गेली ती सक्तीच्या भरतीने नव्हे. भरती होणारा प्रत्येक तरुण राजनिष्ठ होता असे समजणे जितके खुळेपणाचे, तितकेच त्याला भाडोत्री म्हणणे अन्यायाचे. शिवाय समोर होते ते हिटलरचे सैन्य, ही गोष्टही विसरून चालणार नाही. इंग्रज आपला मित्र नव्हता म्हणून नाझी आपला मित्र ठरत नाही. दहावीच्या मुलाला ही गुंतागुंत झेपेल का, असे विचारतात. त्याला झेपते. ती टाळण्याची सोय आपल्याला हवी असते.

म्हणून आमची पहिली सूचना अशी, की युरोपची सहल घरापासून सुरू व्हावी. ठाणे-कल्याणच्या शाळांना याची सोय जितकी आहे तितकी फार थोड्यांना असेल. कल्याणच्या पलीकडे आज जे उल्हासनगर आहे ते युद्धकाळात फौजेची मोठी छावणी होते. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना याच बराकींत आसरा मिळाला, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या वस्तीचे नाव उल्हासनगर झाले. रिक्षावाला अजून ‘कॅम्प नंबर तीन’ म्हणतो, पण हा कॅम्प कोणाचा, असे त्यात बसलेला मुलगा विचारीत नाही. नेवाळीची धावपट्टीही त्याच युद्धातली. तिच्यासाठी घेतलेल्या जमिनींचे दुःख शेतकऱ्यांच्या मनात इतके ताजे की २०१७ साली त्यावरून मोठे आंदोलन पेटले. युद्ध संपते तेव्हा जमिनीचे काय होते, हा प्रश्न मुलांना फ्रान्समध्ये नेऊन विचारण्याआधी नेवाळीला विचारावा. आणि कल्याण जंक्शन तर रोजचेच. पुण्याकडचा आणि नगर-नाशिककडचा जो जवान मुंबईच्या धक्क्यावर बोटीत चढावयास निघे, त्याची गाडी याच फलाटावरून आणि पुढे ठाण्यावरून जाई.

मुंबईत मशीद बंदर स्थानकाजवळ खलाशांचे जुने वसतिगृह आहे. तेथे पहिल्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या दोन हजारांहून अधिक हिंदी खलाशांचे स्मारक आहे. लोकलने रोज त्याच्या बाजूने जाणाऱ्या हजारोंना त्याचा पत्ता नाही. पुण्याला खडकीचे युद्धस्मशान आहे. तेथे दुसऱ्या महायुद्धातील सोळाशेहून अधिक थडगी आहेत. परदेशी जाण्याआधी मुलांना एक दिवस खडकीला न्यावे. अशा जागी कसे चालावे, नोंदवही कशी उघडावी, दगडावरची ओळ कशी वाचावी, आवाज किती ठेवावा, हे तेथे शिकता येते. हे शिकलेली मुले आणि न शिकलेली मुले यांत किती अंतर पडते, हे ज्याने पाहिले आहे त्याला आम्ही अधिक सांगावयास नको.

आता वाट. आम्हांला विचाराल तर ती फक्त इटलीची असावी आणि दक्षिणेकडून उत्तरेकडे जावी, कारण फौजा त्याच दिशेने गेल्या. रोमला उतरावे आणि आगगाडीने दोनेक तासांत कासिनोला जावे. गावाच्या कडेला राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाचे स्मशान आहे, त्यात चार हजारांहून अधिक थडगी, आणि मधोमध ज्यांची थडगी नाहीत अशांच्या नावांचे स्मारक. घाडग्यांचे नाव येथे शोधावयाचे. वर डोंगरावर बेनेडिक्टाइन साधूंचा मठ दिसतो. १५ फेब्रुवारी १९४४ रोजी दोस्तांच्या विमानांनी तो जमीनदोस्त केला. आज दिसतो तो नंतर पुन्हा बांधलेला. चौथ्या हिंदी डिव्हिजनने या डोंगरावर डोके आपटून घेतले. मठाच्या खालच्या एका सुळक्यावर गुरख्यांची एक पलटण मार्चमध्ये कित्येक दिवस अडकून पडली, तिला अन्नपाणी विमानातून टाकावे लागे. ज्या मुलांनी सह्याद्रीतला एखादा गड पायी चढून पाहिला आहे त्यांना खाली उभे राहून मान वर केली की हे युद्ध समजते. वरचा खालच्याला पाहतो, खालच्याला वरचा दिसत नाही. त्याला वेगळे व्याख्यान लागत नाही.

अखेर १८ मे १९४४ रोजी मठाच्या भग्नावशेषांवर पोहोचले ते जनरल अँडर्स यांच्या हाताखालचे पोलिश सैनिक. मठाशेजारच्या उतारावर त्यांचे स्मशान आहे, हजाराहून अधिक थडग्यांचे. तेथे मुलांना थांबवून कोल्हापूरची गोष्ट सांगावी. रशियाने पूर्व पोलंडमधून हद्दपार केलेल्या कुटुंबांतली माणसे इराणमार्गे बाहेर पडली. पुरुष अँडर्सच्या फौजेत गेले, आणि बायकामुलांपैकी सुमारे ५,००० जण कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथील छावणीत १९४३ ते १९४८ या काळात राहिले. पंचगंगेच्या काठी मुले शाळेत जात होती तेव्हा त्यांच्यापैकी कित्येकांचे बाप आणि भाऊ या डोंगरावर लढत होते. कोल्हापुरात त्या दिवसांची आठवण म्हणून स्तंभ आहे, आणि वॉर्सा शहरातही कोल्हापूरच्या छावणीचे स्मारक आहे. दुसऱ्याच्या घरची लढाई म्हणताना हे कोल्हापूर कोणत्या खात्यावर मांडावयाचे?

पलीकडे कैरा येथे जर्मनांचे स्मशान आहे; वीस हजारांहून अधिक. तेथेही न्यावे. काही पालकांना ते रुचणार नाही. पण अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलांची ती नावे वाचल्यावाचून युद्धाचा हिशेब पुरा होत नाही, आणि शत्रूच्या प्रेताची विटंबना करू नये हे आपल्याला युरोपने शिकविलेले नाही. प्रतापगडाच्या पायथ्याशी अफझलखानाची कबर आहे.

कासिनोनंतर ॲड्रियाटिक किनाऱ्याला सांग्रो नदीवरचे स्मशान, तेथून पेरुजामार्गे मोंतोने, मग फ्लॉरेन्स. फ्लॉरेन्सच्या बाहेर वीसेक किलोमीटरवर मोंतेगुफोनी नावाचा जुना वाडा आहे. त्याची गोष्ट मुलांना फार आवडेल. युद्धात बाँबपासून वाचविण्यासाठी इटालियनांनी उफिझी संग्रहालयातली चित्रे या वाड्यात आणून ठेवली होती. १९४४ च्या उन्हाळ्यात आठवी हिंदी डिव्हिजन तेथे पोहोचली तेव्हा गोळागोळी अगदी जवळ चालू होती, आणि आत भिंतींना टेकवून जगातली सर्वांत किमती चित्रे उभी होती. त्यांवर पहारा बसला तो मराठा पलटणीच्या जवानांचा. त्या चित्रांत बोतिचेल्लीचे एक प्रसिद्ध चित्र होते. त्याचे नाव ‘वसंत’. आमच्या या व्याख्यानमालेच्या नावाशी त्याचा योग जुळतो, तो जुळवून घेण्याचा मोह आम्हांला आवरत नाही. चित्र आता उफिझीत आपल्या जागी आहे. मुलांनी ते पाहावे, आणि मार्गदर्शकाने चित्रकाराची माहिती सांगून संपविली की त्याला या पहाऱ्याची गोष्ट आपण सांगावी.

शेवटी फोर्ली आणि सेनिओ नदी. फोर्लीला हिंदी सैनिकांचे स्वतंत्र स्मशान आहे. तेथे एक गोष्ट मुलांच्या ध्यानात आणून द्यावी लागते. मुसलमान सैनिकांची थडगी ओळीने आहेत. हिंदू आणि शीख सैनिकांना अग्नी दिला, म्हणून त्यांना दगड नाही, त्यांची नावे दहनस्मारकावर आहेत. फोर्लीच्या दहनस्मारकावर अशी साडेसातशेहून अधिक नावे आहेत, सांग्रोच्या स्मारकावर पाचशेहून अधिक. घाईत आलेला प्रवासी थडगी मोजतो आणि दगडाशिवायच्या माणसांना मोजावयास विसरतो.

या नावांपाशी मुलांना जे काम द्यावयाचे तेच आमच्या मते साऱ्या सहलीचे मुख्य काम. ही नावे रोमन लिपीत आहेत आणि ती इंग्रज कारकुनांनी कानाला जशी लागली तशी लिहिली आहेत. आयोगाच्या नोंदींत पुष्कळदा बापाचे नाव, गाव आणि जिल्हा असतो. त्या नोंदी संगणकावर घरबसल्या पाहता येतात. ती अक्षरे पाहून हे आडनाव शेलार की शिलार, शिर्के की सुर्के, हे गाव महाडकडचे की चिपळूणकडचे, हे लंडनमधल्या विद्वानाला सांगता येणार नाही. ते डोंबिवलीतला तो मुलगा सांगेल ज्याची आजी त्या तालुक्यातली आहे. आपल्याकडच्या इमारतींत रत्नागिरी, सातारा, रायगड आणि नगरहून आलेली माणसे एका जिन्यात राहतात. वर्गात पन्नास मुले असली तर पन्नास आजोळांची यादी सहज होते. एकेका मुलाने आपल्या आजोळच्या तालुक्यातली चार नावे शोधावीत, ती देवनागरीत शुद्ध करावीत, गावाला पत्र लिहून त्या घरचे कोणी आहे का विचारावे. उत्तर येईल किंवा येणार नाही. आले तर त्या घरच्यांना सांगावे, की तुमच्या पणजोबांचे नाव अमुक स्मारकाच्या अमुक फलकावर आहे आणि आमच्यातला एक जण मे महिन्यात तेथे जाणार आहे.

म्हणजे जाणारे थोडे असले तरी काम साऱ्या वर्गाचे राहील. ज्याच्या बापाला खर्च झेपत नाही त्याने घरी बसून चित्रे पाहावयाची, अशी सहल काढण्यापेक्षा न काढलेली बरी. शोधण्याचा अर्धा भाग फुकट आहे, आणि खरे पाहता तोच अवघड अर्धा आहे. शाळेला निधी जमविता आला तर ज्यांनी नावे चांगली शोधली त्यांतले दोन-चार जण त्यातून न्यावेत. पैशांवर निवड होऊ नये.

ऑशविट्झविषयी आम्हांला पुष्कळदा विचारतात. तेथे सुमारे ११ लाख माणसे मारली गेली, त्यांतले जवळजवळ दहा लाख ज्यू. चौदा वर्षांखालच्या मुलांना आणू नये असे ते संग्रहालयच सांगते. इटलीच्या सहलीला शेपूट म्हणून ते जोडू नये. न्यावयाचे तर वेगळ्या वर्षी, मोठ्या मुलांना, आणि तयारीनिशी. त्या तयारीचा एक भाग ठाण्यातच आहे. टेंभी नाक्याजवळ १८७९ साली बांधलेले बेने इस्रायली ज्यूंचे प्रार्थनामंदिर आहे. ही माणसे शतकानुशतके कोकणात राहिली, तेल गाळले, मराठी बोलली, आणि कोणी त्यांच्या वाटेस गेले नाही. ज्यू म्हणजे कोण हे मुलांनी आधी शेजारी म्हणून जाणावे, मग पोलंडातल्या त्या जागी जावे.

व्यवहाराच्या चार गोष्टी सांगून थांबतो. इटलीत सर्वाधिक दिवस असतील तर शेंगेन व्हिसा इटलीचाच मागावा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून देता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी द्यावाच लागतो. शहाण्याने शेवटच्या महिन्यावर ठेवू नये, कारण मे महिन्यात सारी मुंबई निघालेली असते. बारा वर्षांपुढच्या मुलांना बोटांचे ठसे देण्यास स्वतः जावे लागते. आईबापांचे दोघांचेही संमतिपत्र हवे, आणि निदान ३०,००० युरोंचा प्रवासविमा हवा. दहा दिवसांत सहा जागांपेक्षा अधिक ठेवू नयेत. एका स्मशानाला अर्धा दिवस द्यावा, आणि दुपारी मुलांना भूक लागते हे वेळापत्रक करणाऱ्याने विसरू नये. मोंतोनेला १० जुलैला जाता आले तर उत्तम, पण तेव्हा आपल्या शाळा सुरू असतात. मे महिन्यात १८ तारखेच्या सुमारास कासिनोला असावे. याचा अर्थ नावांचे काम आदल्या दिवाळीच्या सुट्टीत व्हावयास हवे, जेव्हा मुले गावी जातात आणि म्हातारी माणसे भेटतात. खडकी डिसेंबरात. आणि २ जानेवारीला सिद्धगड. त्या दिवशी मुरबाडच्या गाडीला गर्दी असते, तेव्हा कल्याणहून सकाळची पहिली गाडी धरावी.